हॉटेलसाठी बिलिंग मशीन घेताना खान्देशातल्या हॉटेलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हॉटेल, ढाबा, खानावळ, भरीत सेंटर चालवणारे पीओएस म्हणजेच बिलिंग सिस्टीम घेण्याआधी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. जिथे अडकायला होतं तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात आटोपलं आहे.

माझं हॉटेल लहान आहे. मला हे हवंच का?

बसस्टँडसमोर पोहे-कचोरीची गाडी असेल, गल्ल्यावर तुम्ही स्वतः असाल आणि सगळी ऑर्डर तोंडीच चालत असेल, तर नको. यूपीआयचा बोलका डबा आणि एक वही पुरते. विकणारा काहीही सांगो.

ऑर्डर घेणारा एक, भट्टीवर दुसरा आणि पैसे घेणारा तिसरा, असं झालं की गरज सुरू होते. या तिघांत रात्री तुम्ही नसाल तर जास्तच. दुसरं कारण जीएसटीचं. हॉटेलचं जेवण कायद्याने सेवा धरलं जातं, त्यामुळे महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. रोजचा सरासरी गल्ला साडेपाच हजारांचा असला तरी वर्षाला २० लाख होतात. बऱ्याच जणांना ही मर्यादा ४० लाख वाटते, पण ती फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे.

डेमोत सगळीच मशीनं चांगली दिसतात. फरक कसा ओळखायचा?

डेमो कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या मेनूवर आणि दुपारी चारच्या निवांत वेळी होतो. त्यात पनीर बटर मसाला आणि दोन बटर नान असतात. तुमच्याकडे रविवारी रात्री नऊला तसली ऑर्डर येत नाही.

म्हणून डेमोवाला येण्याआधी गेल्या रविवारच्या खऱ्या ऑर्डरी कागदावर काढून ठेवा. उदाहरणार्थ, टेबल सातवर शेवभाजी दोन फुल, त्यातली एक कमी तिखट, कळण्याच्या भाकरी चार, ज्वारीच्या दोन, पापड भाजून, नंतर त्यांनी एक शेवभाजी हाफ वाढवली, एक भाकरी परत केली, दोघं उठून टेबल नऊवर गेले आणि जाताना एक पार्सल त्याच बिलात टाकायला सांगितलं. हे सगळं तुमच्या गल्ल्यावरच्या माणसाच्या हातून करून घ्या. डेमोवाल्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. कुठे बोट अडतं, कुठे परत मागे जावं लागतं, ते पाहा. एका टेबलाची ऑर्डर टाकायला मिनिटभर लागत असेल, तर गर्दीत तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कागदाच्या चिठ्ठीवर येणार. मग मशीन फक्त शेवटचं बिल छापायला उरतं आणि त्यासाठी एवढा खर्च कशाला?

बिल तोडणं, म्हणजे एकाच टेबलाचे तीन जणांत वेगळे पैसे, हेही तेव्हाच करून पाहा. कॉलेजच्या पोरांच्या टोळक्यात हे दर आठवड्याला होतं.

नेट गेलं किंवा लाईट गेली तर काय?

आमच्या मते निवड या एका प्रश्नावर व्हावी. बाकीचं सगळं यानंतर.

नेट नसताना बिल निघेल का, असं विचारलं की प्रत्येक कंपनी हो म्हणते. खरं काय ते कळण्यासाठी डेमो चालू असतानाच राऊटरची वायर काढा. मग चार गोष्टी तपासा: नवीन टेबल उघडतं का, किचनमध्ये केओटी (आचाऱ्याला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) छापली जाते का, वेटरच्या हातातला मोबाईल किंवा टॅब काऊंटरशी बोलतो का, आणि नेट परत आल्यावर बिलं दोनदा चढत नाहीत ना. काही सिस्टीममध्ये काऊंटर नेटशिवाय चालतो, पण वेटरचे मोबाईल बंद पडतात, कारण ते थेट कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असतात. डेमोत हे कोणी आपण होऊन सांगत नाही.

बिल नंबरचाही घोळ होतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये आणि सगळी अक्षरं-अंक मिळून तो सोळापेक्षा लांब नको. दोन काऊंटर नेटशिवाय वेगवेगळे चालले तर दोघांकडून एकच नंबर निघू शकतो. म्हणून फॅमिली विभागाची मालिका वेगळी आणि पार्सल काऊंटरची वेगळी, असं पहिल्या दिवशीच लावून घ्या. १ एप्रिलला मालिका नव्याने सुरू करायची असते, ते आपोआप होतं की हाताने, तेही विचारा.

लाईटचं पाहू. कॉम्प्युटरला यूपीएस सगळेच लावतात. राऊटर, नेटवर्क स्विच आणि किचनचा प्रिंटर मात्र साध्या बोर्डावर राहतो. लाईट गेल्यावर काऊंटर चालू आणि केओटी बंद, असा प्रकार त्यातूनच होतो. हॉटेलात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडमध्ये लाईट बदलायला इतका वेळ जातो की कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो.

आणखी एक त्रास प्रिंटरच्या पत्त्याचा. लाईट जाऊन आली की राऊटर प्रिंटरला कधीकधी नवा आयपी पत्ता देतो आणि मशीन जुन्या पत्त्यावर केओटी पाठवत राहतं. प्रिंटर खराब झाला म्हणून माणूस बोलावतात, तो पाच मिनिटांत पत्ता बदलून व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. बसवतानाच प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायला लावा आणि तो चिकटपट्टीवर लिहून प्रिंटरला चिकटवा. किचनच्या प्रिंटरला वायफायऐवजी केबल ओढा. पत्र्याचं शेड आणि मध्ये दगडी भिंत असली की वायफाय धरवत नाही.

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडे हॉटेल असेल तर पूर्ण क्लाऊडवर चालणाऱ्या सिस्टीमचा विचार सोडून द्या. हिशोब तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये राहील आणि नेट मिळेल तेव्हा वर जाईल, अशीच सिस्टीम घ्या.

केओटी मराठीत निघेल का?

निघते, पण नीट निघते का ते छापून बघा. स्क्रीनवर मराठी दिसली म्हणून प्रिंटरवर तशीच येईल असं नाही. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं मुळात भरलेलीच नसतात. चांगलं सॉफ्टवेअर पूर्ण ओळ चित्रासारखी पाठवतं, मग अक्षर बरोबर उमटतं. साधं सॉफ्टवेअर नुसता मजकूर पाठवतं आणि कागदावर प्रश्नचिन्हं येतात. चाचणीला ‘कळण्याची भाकरी’, ‘मिरचीचा ठेचा’, ‘पाटोडी रस्सा’ हे शब्द द्या. जोडाक्षरं, वेलांट्या त्यात दिसून येतात. चित्रासारखी छपाई जरा हळू होते, पण केओटी चार-पाच ओळींचीच असल्यामुळे फरक पडत नाही.

मराठीचा आग्रह धरायला इथे पक्कं कारण आहे. भाकरी थापणारी मावशी अहिराणी बोलते, चायनीजवर नेपाळी पोरगा, तंदूरवर उत्तर प्रदेशचा कारागीर. तिघांची बोली वेगळी, तरी वाचता येत असेल तर देवनागरीच येते. इंग्रजी केओटी तिघांपैकी एकालाही धड वाचता येत नाही, मग कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) ओरडून सांगतो आणि चुकीची भाजी टेबलावर येते.

एका पदार्थाला दोन नावं ठेवता येणारी सिस्टीम घ्या: केओटीवर मराठी आणि ग्राहकाच्या बिलावर हवं तर इंग्रजी. नवापूरकडे गुजराती गिऱ्हाईक भरपूर, त्यांना इंग्रजी बिल सोयीचं पडतं. मेनू युनिकोडमध्येच टाकून घ्या. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाईप केलेली मेनूकार्डाची फाईल तशीच चिकटवली तर अक्षरांचा चुराडा होतो.

प्रिंटर कोणता घ्यावा?

काऊंटरला तीन इंची थर्मल, आपोआप कागद कापणारा. दोन इंचीवर पदार्थाचं नाव, नग, दर आणि रक्कम एका ओळीत मावत नाही, बिल लांबतं आणि जीएसटीचा तपशील तुटक येतो. दोन इंची प्रिंटर पार्सल टोकनला ठीक.

किचनचं गणित वेगळं. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने कागदच काळा पडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात तंदूरशेजारी लटकलेली केओटी काळवंडते. हात तेलाचा लागला तर अक्षर उडतं. किचन आत आणि गरम असेल तर रिबिनवर चालणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजूनही उत्तम. आवाज करतो, तोही फायद्याचा, ऑर्डर आल्याचं आचाऱ्याला कळतं. थर्मलच घ्यायचा असेल तर भट्टीपासून लांब, पासिंग खिडकीपाशी लावा. कागदाचे रोल पत्र्याखालच्या माळ्यावर साठवू नका. खर्चाची थर्मल बिलं फाईलला लावत असाल तर त्यांचे फोटो काढून ठेवा, वर्षभरात ती कोरी दिसायला लागतात.

हाफ, फुल, कमी तिखट, जादा रस्सा हे सगळं मशीनमध्ये कसं बसवायचं?

हाफ-फुल हे एकाच पदार्थाचे दोन आकार म्हणून टाका, दोन वेगळे पदार्थ म्हणून नको. नाहीतर महिन्याअखेर शेवभाजी किती गेली हे कळायला दोन आकडे जोडत बसाल.

तिखट-मध्यम-फिक्की ही फक्त सूचना, तिला दर नाही. जादा रस्सा तुमच्याकडे फुकट असेल तरी शून्य रुपयांचा पदार्थ म्हणून नोंदवा. फुकट रस्सा किती जातो हे कोणी मोजत नाही. मसाला आणि सुकं खोबरं कुठे जातं त्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. जादा शेवेचे पैसे घेत असाल तर ती वेगळी दरासहित टाका.

कांदा-लिंबू केओटीवर नको, उगाच कागद वाढतो.

भाकरीसाठी वेगळा प्रिंटर किंवा निदान वेगळी केओटी लावा. भाजी पाच मिनिटांत वाढली जाते, भाकरी थापायला वेळ लागतो. भाकरीची चिठ्ठी थेट चुलीपाशी गेली की टेबलावर दोन्ही बरोबर पोहोचतात. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये याला ‘किचन स्टेशन’ म्हणतात आणि काही कंपन्या प्रत्येक स्टेशनचे जादा पैसे लावतात. आधी विचारून घ्या.

आमचं भरीत सेंटर आहे. माल किलोवर जातो आणि वांग्याचा भाव रोज बदलतो. चालेल का?

चालेल, पण नगावर चालणारं सॉफ्टवेअर घेऊ नका. तीन गोष्टी लागतात. पहिली, ‘०.७५० किलो’ असं वजन टाकता यावं. दुसरी, काट्याशी जोडणी. काट्यावर ठेवलं की वजन आपोआप बिलात यावं, हाताने टाकताना साडेसातशेचे साडेपाचशे होतात. काटा वैधमापन खात्याकडून पडताळून शिक्का मारलेलाच हवा, तो मशीनला जोडला म्हणून नियम बदलत नाही. तिसरी गोष्ट, सकाळी एकाच जागी भाव बदलला की सगळीकडे बदलावा, आणि तो बदलण्याचा अधिकार फक्त तुमच्या पासवर्डला असावा.

थंडीत शेतातल्या भरीत पार्ट्यांच्या ऑर्डरी येतात: दहा किलो भरीत, दोनशे पुऱ्या, रविवारी अकराला. अशा ऑर्डरीला आगाऊ रक्कम, तारीख आणि वेळ लावून ठेवता येते का पाहा. आणि त्या सकाळी केओटी आपोआप निघते की कोणी आठवण ठेवायची? मांड्यांचंही तसंच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरच्या पुरणपोळीच्या ऑर्डरी एकाच दिवशी कोसळतात आणि खापरावर बसणाऱ्या बाया मोजक्या. दिवसाला किती घ्यायच्या याची मर्यादा मशीन घालत असेल तर फार बरं. ही सोय बेकरीसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये जास्त सापडते, हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये कमी. भरीत-मांडेवाल्यांनी बेकरीचे पर्यायही बघावेत, असं आम्ही उगाच सांगत नाही.

महिन्याच्या मेसचा हिशोब यात होतो का?

बहुतेक रेस्टॉरंट सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही. मेसच्या हिशोबात खाडे धरावे लागतात, दोन वेळा की एक वेळ ते पाहावं लागतं, पाहुण्याचं ताट जोडावं लागतं आणि रविवारची फिस्ट असते. कूपन किंवा आगाऊ रकमेचं खातं असेल तर काम भागतं. फक्त खानावळच चालवत असाल तर मेससाठीचं वेगळं मोबाईल ॲप घ्या, ते स्वस्तही पडतं.

हायवेवर ढाबा आहे, एकदम दोन बसा लागतात. तिथे काय?

सुरत-नागपूर असो की मुंबई-आग्रा, दोन्ही रस्त्यांवर एकच अडचण: शंभर माणसं, वीस मिनिटं. अशा वेळी टेबलाचं बिलिंग बाजूला ठेवा आणि आधी पैसे, मग टोकन अशी पद्धत चालवा. म्हणजे सिस्टीममध्ये टेबल पद्धत आणि टोकन पद्धत दोन्ही हवीत आणि एका बटणावर बदलता यायला हवी. टोकनसाठी मेनू दहा पदार्थांचाच, मोठ्या चौकोनी बटणांचा.

ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण बिनपैशाचं असतं, त्याची नोंद ‘एनसी’ म्हणजे ‘नो चार्ज’ बिल म्हणून होते. कोणती गाडी, किती ताटं, हे त्यात लिहिता यावं. नाहीतर ड्रायव्हरच्या नावावर वेटरच्या मित्रांची जेवणं होतात, भो.

ढाब्याला लागून चिप्स, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचं दुकान असेल तर त्याचे कर वेगळे. २२ सप्टेंबर २०२५ ला पाण्याच्या बाटलीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आणि कोल्ड्रिंक ४० टक्क्यांत गेलं. ज्यांच्या मशीनमध्ये दर पदार्थागणिक स्वतः बदलता येत नव्हते त्यांना कंपनीच्या फोनची वाट पाहावी लागली. कर तुमच्या हाताने बदलता आला पाहिजे.

जीएसटीचं नेमकं काय लावून घ्यायचं?

साध्या हॉटेलला ५ टक्के, अडीच केंद्राचा (सीजीएसटी) आणि अडीच राज्याचा (एसजीएसटी), आणि खरेदीवरच्या कराची वजावट नाही. ही पद्धत नोव्हेंबर २०१७ पासून आहे.

जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठरावीक कर) असाल तर मशीन लावताना जास्त जपा. उलाढाल दीड कोटीपर्यंत आणि दारू वाढत नसाल तर ही योजना मिळते. कर तुम्ही उलाढालीवर ५ टक्के भरता, पण गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. बिलावर कराची ओळच येता कामा नये, वर ‘बिल ऑफ सप्लाय’ लिहिलेलं हवं आणि आपण कंपोझिशनवाले असून कर वसूल करू शकत नाही अशी ठरलेली ओळ हवी. मशीनचा बसवणारा सवयीने सीजीएसटी-एसजीएसटी चालू करून जातो आणि पहिलं जागरूक गिऱ्हाईक येईपर्यंत कोणाला कळत नाही.

मेनूकार्डावरचा दर करासह की कराशिवाय, हे ठरवून मशीनला तसंच सांगा. १४० ची शेवभाजी १४७ ला गेली की इथे वाद होतो. १४० मध्येच कर धरायचा असेल तर मशीनने मागून हिशोब करून १३३.३३ मूळ किंमत दाखवली पाहिजे.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा अंकी नंबर बिलावर असलाच पाहिजे. सर्व्हिस चार्ज आपोआप जोडणारी सोय बंद ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं करायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, पण मोठ्या महानगरांसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते आधीच चालू असू शकतं.

झोमॅटो-स्विगीच्या ऑर्डरी त्याच मशीनवर येतील का?

येतात, जोडणी असेल तर. जळगाव, धुळे, भुसावळमध्ये दिवसाला पंधरा-वीस ऑर्डरी येत असतील तर जोडणी घ्या, तीन-चार येत असतील तर त्यांच्याच टॅबवरून हाताने टाका.

जोडणी असो वा नसो, ही विक्री मशीनमध्ये वेगळ्या खुणेने नोंदली गेली पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून त्या जेवणावरचा जीएसटी ॲपवाली कंपनीच भरते. ती विक्री तुमच्या नेहमीच्या विक्रीत मिसळली तर एकाच जेवणावर दोनदा कर जातो. तुमच्या सीएला महिन्याअखेर ही बेरीज वेगळी मिळेल का, एवढंच विचारा.

परमिट रूम आहे. काही वेगळं?

बरंच. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे, म्हणून जेवण आणि दारू यांचे कर आणि शक्यतो बिलंही वेगळी. साठा बाटलीत येतो, विक्री पेगात होते. ७५० मिलिच्या बाटलीतून ३० मिलिचे पंचवीस पेग, हे रूपांतर मशीनने करावं. उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदवह्या ज्या स्वरूपात लागतात तसा अहवाल निघतो का, ते छापून दाखवायला सांगा. तोंडी हो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

यूपीआय मशीनशी जोडावं का?

गर्दी असेल तर हो. भिंतीवरच्या कायमच्या क्यूआरमध्ये रक्कम गिऱ्हाईक टाकतं आणि ती कोणत्या टेबलाची हे मशीनला कळत नाही. बिलाबरोबर येणाऱ्या क्यूआरमध्ये रक्कम आधीच भरलेली असते, पैसे आले की बिल आपोआप मिटतं. बनावट स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणाऱ्यांचाही बंदोबस्त होतो. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर (व्यवहारामागे कापली जाणारी टक्केवारी) नाही. त्या नावाखाली कोणी टक्केवारी मागत असेल तर ती नेमकी कशाची, हे लेखी घ्या.

चोरी थांबते का?

चोरी होते कुठे, हे कळतं. थांबवायची तुम्हीच.

नेहमीची वाट अशी: टेबलाचं बिल छापलं, गिऱ्हाइकाने रोख दिली, मग बिल रद्द. किंवा केओटीतून दोन पदार्थ काढून बिल कमी केलं आणि फरक खिशात. म्हणून छापलेलं बिल रद्द करणं, केओटीतला पदार्थ काढणं, सूट देणं, बिल दुसऱ्यांदा छापणं या चार गोष्टींना वेगळा पासवर्ड आणि कारण लागलंच पाहिजे, आणि त्यांची यादी रोज रात्री तुमच्या मोबाईलवर आली पाहिजे. नोंद पुसून टाकण्याची सोय मालकालाही देणारं सॉफ्टवेअर मिळतं आणि काही जण तेवढ्यासाठीच ते घेतात. आमचा सल्ला, अशा मशीनच्या वाटेला जाऊ नका. जी नोंद तुम्ही पुसू शकता ती तुमचा पासवर्ड माहीत असलेला मॅनेजरही पुसतो, आणि कर खात्याच्या तपासात ती उघडी पडते ती वेगळीच.

गल्ला मोजताना कॅशियरने आधी मोजलेली रक्कम टाकावी, मग मशीनने हिशोब दाखवावा. उलट झालं की आकडा नेहमी जुळतो!

स्टॉकचा हिशोब ठेवावा का?

सगळ्याचा नको. हळद-मोहरीपर्यंत रेसिपी भरायला बसाल तर महिन्याभरात कंटाळाल. शेव, तेल, सुकं खोबरं, पनीर, चिकन, मटण एवढ्यांचीच रेसिपी भरा. एका फुल प्लेटला शेव किती, हे वजन करून ठरवा आणि आठवड्याला ताळा घ्या. काळा मसाला घरी कुटत असाल तर त्याची एक खेप म्हणजे एक वस्तू धरा. नंदुरबारच्या बाजारातून मिरची वर्षाची एकदम भरणाऱ्यांनी मिरची रोजच्या स्टॉकमध्ये आणू नये, तिचं खातं वहीत बरं.

उधारी?

मार्केट यार्डातले अडते, केळीचे व्यापारी, सरकारी कार्यालयं यांची महिन्याची खाती असतात. बिल ‘उधार’ म्हणून मिटवता यावं, नावाने येणं दिसावं आणि हप्त्याने आलेले पैसे जमा करता यावेत. सही घेऊन बिलाची दुसरी प्रत ठेवायची सवय मशीन आल्यावरही सोडू नका.

किंमत कशी तोलायची?

जाहिरातीतला आकडा हा फक्त सॉफ्टवेअरचा असतो. त्याला जोडा: कॉम्प्युटर किंवा अँड्रॉइड मशीन, काऊंटरचा प्रिंटर, किचनचा प्रिंटर, यूपीएस, केबल, मेनू भरण्याचे पैसे, वेटरच्या प्रत्येक मोबाईलचा परवाना, ॲपच्या जोडण्या, एसएमएस आणि दुसऱ्या वर्षापासूनचं नूतनीकरण. तीन वर्षांची बेरीज करा आणि मगच दोन कंपन्यांची तुलना करा.

कोटेशनच्या तळाशी ‘जीएसटी वेगळा’ असतं. तो १८ टक्के, आणि ५ टक्क्यांच्या पद्धतीत किंवा कंपोझिशनमध्ये असलेल्या हॉटेलला त्याची वजावट मिळत नाही. कपड्याच्या दुकानदाराला तो परत मिळतो, तुम्हाला नाही. त्यामुळे तुमच्यासाठी खरी किंमत करासहचीच.

‘लाईफटाईम’ म्हणून विकतात ते कोणाचं आयुष्य, हे विचारा. कराचा दर किंवा बिलाचा नमुना बदलला तर अपडेट फुकट की विकत? नवा कॉम्प्युटर घेतला तर परवाना हलतो का?

मग कोणत्या कंपनीचं घ्यावं?

पेटपूजा, टीएमबिल, गोफ्रुगल ही नावं तुमच्यापर्यंत आलेली असतील, शिवाय जळगाव-धुळ्यात स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून देणारी पोरंही आहेत. नाव पाहून ठरवू नका. रविवारी रात्री साडेआठला मशीन अडलं तर फोन कोण उचलतं, ते मराठीत किंवा निदान हिंदीत बोलतं का, आणि गरज पडली तर दुसऱ्या दिवशी माणूस कुठून येतो, हे पाहा. खरेदीच्या आधीच एका रविवारी रात्री त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावून बघा. तुमच्याच गावातल्या किंवा शेजारच्या तालुक्यातल्या दोन हॉटेलवाल्यांना भेटा, आणि ते कंपनीने दिलेल्या यादीतले नसावेत.

स्थानिक पोराचं सॉफ्टवेअर स्वस्त असतं, हवा तसा बदलही तो करून देतो. त्याला पुण्यात नोकरी लागली की तुम्ही एकटे पडता. ते घ्यायचं तर डेटा एक्सेलमध्ये काढण्याची सोय पहिल्या दिवशी करून घ्या.

डेटा कोणाचा?

तुमचा, पण करारात तसं लिहिलेलं हवं. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी बदलली म्हणून जुनी बिलं गेली, हे कारण चालत नाही. दर महिन्याला एक प्रत पेनड्राईव्हवर घ्या आणि पेनड्राईव्ह घरी ठेवा.

गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर सक्तीने मागू नका. दिला नाही तर बिल निघणारच नाही, अशी सेटिंग असेल तर बंद करा.

सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉल लावतो. तिथे कोणतं?

हातात मावणारं अँड्रॉइड मशीन, आतच दोन इंची प्रिंटर, बॅटरीवर चालणारं. यात्रेत एका टॉवरवर इतके मोबाईल असतात की नेट असून नसल्यासारखं, म्हणून पुन्हा तेच, नेटशिवाय चालायला हवं. काही कंपन्या महिन्याच्या भाड्याने देतात, वर्षाचा परवाना घ्यायची गरज नाही. बॅटरी दुसरी ठेवा आणि रोल डबल.

सुरू कधी करावं?

लग्नसराई, दिवाळी आणि भरताचा हंगाम सोडून. पितृपक्ष किंवा जुलैचा मंदीचा आठवडा चांगला. आठवडाभर जुनी चिठ्ठी आणि मशीन दोन्ही चालवा, रोज रात्री दोन्हींची बेरीज लावून बघा. वेटरला शिकवताना सगळ्यांना एकदम नको; जो पोरगा मोबाईलवर सगळ्यात चपळ आहे त्याला आधी तयार करा, बाकीच्यांना तो शिकवतो, कंपनीच्या माणसापेक्षा चांगलं. चिठ्ठीपुस्तकं फेकू नका. काऊंटरखाली दोन कोरी ठेवा, क्रमांक टाकलेली. मशीन पूर्ण बंद पडलं तर त्यावरची विक्री नंतर चढवता येते.